लाल ठिपक्याची पट्टी

५ ऑगस्ट

मामा,

नमस्कार. लगेच कामाचं बोलते, कारण तुझ्याकडे माझं कामच आहे. मला खोली मिळाली. शाळेच्या लांब बोळाच्या टोकाला, जिथे मोडकी बाकं आणि फाटके नकाशे टाकलेले असायचे, तीच. शिपाईकाकांनी आणि मी दोन दिवस झाडलोट केली. खोलीला एकच खिडकी आहे, पण चांगली उंच. दुपारी दोनच्या सुमाराला तिच्यातून उन्हाचा एक पट्टा आत उतरतो आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगते की मी वह्या तपासायच्या सोडून बघत बसते. अशा वेळी वाटतं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुठेतरी शाळा भरली आहे.

या खोलीसाठी मी मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, हात धुऊन मागे लागले होते. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोनदा हाताचा तास हवा, असं माझं म्हणणं. पुस्तक मिटायचं आणि हाताने काहीतरी करायचं. शेवटी त्या म्हणाल्या, ठीक आहे, चोवीस ऑक्टोबरला संस्थेची मंडळी शाळा बघायला येणार आहेत, तोवर मुलांनी दाखवण्याजोगं काही केलं तर तास राहील. नाही केलं तर तो गणिताच्या सरावाला जाईल आणि खोलीत पुन्हा बाकं येतील. त्या वाईट नाहीत, मामा. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं आहे.

आता रडगाणं. पहिल्या तासाला मी सगळ्यांना कागद, पुठ्ठा, सुतळी दिली आणि म्हटलं, हवं ते करा. एकतीस मुलं हाताची घडी घालून बसून राहिली. मग एका मुलीने हात वर केला. तिला आम्ही चौकशी म्हणतो, कारण ती श्वास घेते आणि प्रश्न सोडते. ती म्हणाली, "बाई, कुणाचं बघून करायचं?" तेवढ्यात एकाने होडी केली. तास संपला तेव्हा टेबलावर एकतीस होड्या होत्या, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. वर्गात मला हसू आलं, पण घरी आल्यावर रडू आलं.

तू चाळीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे केलेस, आणि मी तुझ्या कामाच्या खोलीत भुशात लोळून मोठी झाले. तूच सांग, सुरुवात कुठून करू? आणि एक मागणं आहे. शाळेतल्या पट्ट्या वीतभर लांबीच्या, प्लास्टिकच्या. तुझ्याकडे मीटरभराच्या दोन पोलादी पट्ट्या आहेत ना, त्यातली एक दे.

तुझी,
खटपटी


१४ ऑगस्ट

खटपटे,

अक्षर बघून दचकू नकोस. माझं मनगट मुरगळलंय, म्हणून शेजारच्या शिवणकाकू लिहून घेतायत. शिलाई मशीन थांबवून त्यांना बसवलंय, तेव्हा थोडक्यात आटोपतो. (थोडक्यात कसलं, दुसऱ्यांदा चहा झाला. – शिवणकाकू)

एकतीस होड्या झाल्या यात रडण्यासारखं काय आहे? माझ्या मिस्त्रींनी मला वर्षभर नुसता रंधा मारायला लावला होता. त्या वर्षात मीही त्यांचंच बघून खोकायला शिकलो. नक्कल ही पहिली पायरी आहे, तिच्यावर फक्त झोपायचं नसतं.

एक उपाय सांगतो. मुलांना नवं काही देऊ नकोस, मोडकं दे. कोरा पुठ्ठा समोर आला की मोठा माणूसही घाबरतो, बिघडला तर काय म्हणून. मोडकी वस्तू आधीच बिघडलेली असते, तिच्यासाठी कुणी रागवत नाही. हात आपोआप पुढे जातो. आणि तू गप्प बस. तुला लहानपणापासून मधे मधे करायची खोड आहे.

पट्टी पाठवतोय, गोणपाटात शिवून. शिवण अर्थात काकूंची. डावीकडच्या खिळ्यावरची साधी पट्टी आहे ही. चाळीस वर्षं ती त्याच खिळ्यावर आहे.

माझं म्हणशील तर छान चाललंय. दुपारी पायरीवर बसतो. रस्त्याने कोण गेलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखायचं, हा एक खेळ लागलाय. काल सागवानाचा एक तुकडा मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याच्या रेषांवरून बोट नेलं, वास घेतला, आणि तो कुठल्या साच्यातला उरलेला ते आठवलं. मग तो साचा आठवला, ती भट्टी, वितळलेला धातू ओतताना होणारा तो सुस्कारा, सगळं. जेवायची हाक आली तेव्हा कळलं की आपण तासभर कारखान्यात होतो. हल्ली असा पायरीवरून न उठता पुष्कळ हिंडतो.

तुझा,
मामा


२७ ऑगस्ट

मामा,

तू हल्ली कवी झालास काय? पायरीवरून न उठता हिंडतो म्हणे. मनगट मुरगळल्याने इतका फरक पडत असेल तर माझंही मुरगळून घेते.

पट्टी पोचली. गोणपाट उसवायलाच अर्धा तास गेला, काकूंना म्हणावं शिवण आहे की कुलूप. मुलांनी ती पाळीपाळीने हातात धरली. टोकाला तो लाल रंगाचा ठिपका अजून तसाच आहे, लहानपणी मला फार आवडायचा. मुलं तिला आता लाल ठिपक्याची पट्टी म्हणतात, आणि वापरण्याआधी हात धुतात. मी सांगितलं नव्हतं.

तुझ्या उपायाला मानलं. मी वर्गात एक बंद पडलेलं घड्याळ, तीन पायांची खुर्ची आणि एक जुनी काळी छत्री ठेवली आणि तोंडाला कुलूप लावलं. घड्याळ दहा मिनिटांत सुटं झालं. पण गंमत छत्रीने केली. चौकशी ती उघडून खाली बसली, उन्हाच्या पट्ट्यात, आणि बसूनच राहिली. म्हटलं काय झालं. तर म्हणाली, "बाई, दिवसा तारे इथे येतात." मी वाकून आत डोकं घातलं. छत्रीला बारीक बारीक भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकात ऊन बसलं होतं. मामा, मी सव्वीस वर्षांची घोडी, पण मला तिथून हलावंसं वाटेना.

मग सगळ्यांना छत्रीत बसायचं होतं आणि छत्रीत दोघांपुरती जागा. तेव्हा ठरलं की मोठं आभाळ करायचं. पुठ्ठ्याचे चाळीस त्रिकोण, दोन मापांचे, कडेला कड लावून शिवत गेलं की पुरुषभर रुंदीची उपडी वाटी होते. तिला दाभणाने भोकं पाडायची आणि आत जाऊन झोपायचं. फ्रिजच्या दुकानातून खोकी आणली आहेत. खिडकीकडची मुलं अर्धी वाटी करणार, दाराकडची अर्धी. खिडकीवाल्यांना तुझी पट्टी मिळाली, दारवाले शाळेच्या पट्ट्या जोडून मोजतात आणि कुरकुरतात. दोन्ही अर्ध्या झाल्या की चोवीस तारखेच्या आधी जोडायच्या.

कुणाचं बघून करायचं, असं आता कुणी विचारत नाही.

खटपटी


४ सप्टेंबर

खटपटे,

पत्र पोचलं, काकूंनी दोनदा वाचून दाखवलं. आभाळाची कल्पना नामी आहे.

एक ऐक. ती पट्टी मुलांच्या हातात देऊ नकोस. भिंतीवर टांगून ठेव, शोभेला. जुनी झाली आहे, आता तिला कामाला लावणं बरं नाही. मापं सगळ्यांनी शाळेच्याच पट्ट्यांनी घ्या. जे कापून झालं असेल तेही पुन्हा एकदा शाळेच्या पट्टीने मोजा. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट समज, पण तेवढं कर.

इथे सगळं ठीक. तुझ्या आईला माझ्याविषयी काही कळवायची गरज नाही. ती उगीच धावत येते.

मामा

(ताई, हे खाली मी माझं माझं लिहितेय, ते आत गेलेत. त्यांचं मनगट कधीचं बरं आहे. याहून जास्त मी सांगणार नाही, ते त्यांचं त्यांनी सांगावं. – शिवणकाकू)


१५ सप्टेंबर

मामा,

खरं सांगू का, मला राग आला आहे. पट्टी देऊन टाकलीस आणि आता ती भिंतीला टांग म्हणतोस. मुलं तिला झोपलेल्या बाळासारखी उचलतात. तुला वाटतं, तुझ्या हत्यारांना फक्त तुझाच हात समजतो. मी तुझा निरोप वर्गाला सांगितला नाही, आणि पट्टी काढूनही घेतली नाही. हातात देऊन परत घेतलेली वस्तू मुलं विसरत नाहीत, मला माहीत आहे.

दुसरं म्हणजे तुझा हात बरा आहे, असं कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. मग माझ्यासाठी चार ओळी स्वतः लिहायचा कंटाळा आला? आई म्हणते, तू तिच्या फोनलाही हूं हूं करून ठेवून देतोस.

जाऊ दे. खोलीत फार छान चाललंय आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सत्तावीस त्रिकोण झाले. दाभण आम्ही आतल्या अंगाने टोचतो, आणि पुठ्ठा टोचण्याचा तो आवाज मोठा गोड असतो, एकतीस जण टोचायला लागले की उंदरांची सभा भरल्यासारखं वाटतं. होडी करणारा तो पहिला मुलगा हल्ली बोलतच नाही, तो नुसती भोकं पाडतो, आणि तास संपला की जागं केल्यासारखा बघतो. परवा मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणीही उठून "नमस्ते बाई" म्हटलं नाही, कारण त्या आल्याचं कुणाला कळलंच नाही. मला वाटलं, संपलं आता. पण त्या दार हळूच ओढून घेऊन गेल्या.

चोवीसला येशील का? मुलांना तुला बघायचंय. त्यांना वाटतं की तू फार उंच असशील, एवढी लांब पट्टी वापरणारा.

खटपटी


९ ऑक्टोबर

मामा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला हे लिहिता येणार नाही.

काल दोन्ही अर्ध्या वाट्या जोडायला घेतल्या. जुळत नाहीत. खिडकीवाल्यांची वाटी मोठी झाली. एका बाजूला कडेला कड लावून शिवलं तर दुसऱ्या बाजूला दोन बोटं फट राहते, आणि ती फट वरून, माथ्यावरून, कमानीसारखी पार इकडून तिकडे जाते. दारवाले म्हणाले, यांनी नीट मोजलं नाही. खिडकीवाले म्हणाले, आम्ही तर खऱ्या पट्टीने मोजलंय. भांडण इतकं पेटलं की दोघांची दप्तरं खिडकीबाहेर गेली. आणि मी, जिला मधे मधे करायची खोड आहे, ती एका कोपऱ्यात उभी राहून विचार करत होते की पंधरा दिवसांत वीस त्रिकोण पुन्हा होणं शक्य नाही. म्हणजे तास गेला.

मग चौकशीने आपली प्लास्टिकची पट्टी तुझ्या पट्टीवर ठेवली. बराच वेळ नाक लावून बघत होती. म्हणाली, "बाई, या पट्टीचे सेंटीमीटर लठ्ठ आहेत."

आणि मला आठवलं. सगळं एकदम आठवलं. मी सहा वर्षांची होते. लाल ठिपका मला आवडायचा म्हणून मी तुझ्या दोन्ही पट्ट्या अदलाबदल करून टांगल्या होत्या. तू बाहेरून आलास आणि दारातूनच ओरडलास, अजून चप्पलही काढली नव्हतीस. मग मला जवळ घेऊन सांगितलंस की वितळलेला धातू निवताना आकसतो, म्हणून साचा थोडा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून साचेवाल्यांची पट्टीच मुळात थोडी वाढीव असते. डावीकडे साधी, उजवीकडे वाढीची. चुकून हातात येऊ नये म्हणून तिला लाल ठिपका. मी हे कसं विसरले कोण जाणे.

पण तू विसरणार नाहीस. तू झोपेतही ती चूक करणार नाहीस. जो माणूस दारातून ठिपका ओळखतो, तो हातात घेऊन, गोणपाटात घालून, चुकीची पट्टी पाठवत नाही. काल रात्रभर तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. चपलांचे आवाज. लाकडाचा वास. रेषेवरून नेलेलं बोट. काकूंनी वाचून दाखवलं. काकूंनी लिहून घेतलं. एकाही पत्रात तू काही बघितलेलं नाहीस.

मामा, तुला दिसतंय ना?

खटपटी


१३ ऑक्टोबर

खटपटे,

नाही.

काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. कडेने हळूहळू धुकं आत येत गेलं, आधी दाराच्या चौकटी गेल्या, मग माणसांचे खांदे, मग चेहरे. गेल्या उन्हाळ्यापासून उजेड आणि अंधार एवढंच उरलंय. डॉक्टर म्हणतात, गेलं ते येत नाही.

मनगट मुरगळलं नव्हतं. काकूंना मीच खोटं लिहायला लावलं. त्या दर पत्राला माझ्याशी भांडल्या. आता हे लिहिताना रडतायत, तेव्हा शाई फुटली असेल तर समजून घे.

पट्टीचं सांगतो. काकूंनी भिंत झाडताना दोन्ही पट्ट्या खाली काढल्या आणि उलट टांगल्या. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कोण सांगणार होतं? त्यांनी बिचाऱ्यांनी विचारलंसुद्धा, हीच ना, टोकाला लाल आहे ती? मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, माझ्या खिळ्यावरची पट्टी मला शिकवू नका. कोरलेले आकडे हाताळून हाताळून झिजलेत, तरी दोन्ही शेजारी धरल्या असत्या तर लांबी बोटाला कळली असती. धरल्या नाहीत. एवढाच माझा गुन्हा आणि तो लहान नाही.

तुझ्या पत्रात लाल ठिपका ऐकला तेव्हाच चूक कळली. त्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं. पण पट्टी का चुकली हे सांगायचं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. मग तुझी आई येणार, माझी हत्यारं पेटीत भरणार, आणि मला तुमच्याकडच्या मधल्या खोलीत नेऊन ठेवणार. तिचं चुकत नाही, ती प्रेमानेच करेल. पण मला माझी भिंत सोडवत नाही, बाळ. या खोलीत मी आंधळा नाही. इथे पटाशी कुठे आहे ते मला माहीत आहे. म्हणून शोभेला टांग वगैरे थातुरमातुर लिहिलं आणि मुलांचं आभाळ मोडू दिलं. त्यानंतर तीनदा खरं पत्र सांगितलं आणि तीनदा काकूंकडून फाडून घेतलं. मला लाज वाटते.

आता कामाचं. आमच्याकडे साच्याचे दोन भाग जुळले नाहीत की आम्ही फटीत मेण भरायचो. तुम्ही कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवा, दोन दिवसांचं काम आहे. संस्थेच्या लोकांना कळणारही नाही. आणि मुलांना सांग की चूक त्यांची नव्हती. खिडकीवाल्यांनी बरोबर मोजलं, दारवाल्यांनीही बरोबर मोजलं. चूक त्यांच्या बाईंच्या मामाची होती. हे नक्की सांग, माझ्याकडून.

मामा


२६ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत जाऊन मोडक्या बाकावर बसले आणि पोटभर रडले. त्यानंतर तुझा निरोप वर्गाला सांगितला, जसाच्या तसा, डोळ्यांसकट. तू रागावशील. पण अर्धवट सांगितलेल्याने काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय.

 मग वाढीच्या पट्टीबद्दल इतके प्रश्न आले की तास संपला. त्यांना फार नवल वाटलं. खोटी पट्टी नव्हे, पुढचा विचार करणारी पट्टी, असं दारवाल्यांपैकी एकाने ठरवून टाकलं, आणि भांडण तिथेच मिटलं.

मी कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, खळ शिजवली होती. चौकशी म्हणाली, बुजवण्याआधी एकदा आतून बघू. पाच जण आत गेले, झोपले, आणि बाहेर येईनात. मग आणखी पाच. शेवटी मी गेले. मामा, खिडकीतला उन्हाचा पट्टा नेमका त्या फटीवर आला होता. एका टोकाला सुरू होऊन रुंद होत गेलेली ती उजेडाची वाट, माथ्यावरून इकडून तिकडे, आणि तिच्या दोन्ही काठांना भोकांचे तारे. आम्ही मावलो तेवढे उताणे पडून बघत होतो. कुणीतरी झोपेत बोलावं तसं म्हणालं, आकाशगंगा. खळ मी ओतून टाकली.

चोवीसला संस्थेचे तिघे आले. अध्यक्ष सत्तरीचे, काठी टेकत चालणारे. बाहेरून बघून त्यांनी काठीने फट दाखवली आणि विचारलं, ही चूक कुणाची? मी तोंड उघडणार, तेवढ्यात चौकशी म्हणाली, "आधी चूक होती. आता आकाशगंगा आहे. आत जाऊन बघा." ते वाकून आत शिरले. काठी बाहेर राहिली. मागोमाग मोठ्या बाईही गुडघ्यांवर आत गेल्या, साडी सावरत.  मी घड्याळ बघत होते, सात मिनिटं झाली. बाहेर आल्या तेव्हा मोठ्या बाईंच्या केसांत पुठ्ठ्याचा भुसा होता. त्यांनी शिपाईकाकांना हाक मारली आणि म्हणाल्या, बाकं ठेवायला दुसरी जागा बघा.

आठवड्यातून दोनऐवजी एकच तास मिळाला आहे, आणि खोलीच्या एका भिंतीला खेळाचं सामान राहणार आहे. पण तास राहिला, मामा.

सोबत एक पार्सल आहे. आत पुठ्ठ्याची एक चौकट आहे, तिला खिडक्या कापल्या आहेत, आडव्या, एकाखाली एक. कागदावर ठेवायची, खिडकीच्या कडेला बोट लावायचं आणि आत लिहायचं. म्हणजे ओळ ओळीवर चढणार नाही. ही माझी कल्पना नाही. ज्याने पहिली होडी केली होती त्याची आहे, त्याने कुणाचंही न बघता केली. खिडक्या त्याने लाल ठिपक्याच्या पट्टीने मोजल्यात, म्हणाला थोड्या ऐसपैस असू देत.

शुक्रवारी काकूंना घेऊन ये. आईला मी सांगितलं आहे, आणि तुझी हत्यारं भिंतीवरून कुणी हलवणार नाही, असं तिच्याकडून कबूलही करून घेतलं आहे.

खटपटी


१९ नोव्हेंबर

खटपटे,

हे मी लिहितोय. काकू मशीनवर बसल्यात आणि मुद्दाम इकडे बघत नाहीत.

हळू लिहितो. एक खिडकी झाली की बोट खाली सरकवतो. दोन वर्षांनी हातात पेन आहे. हात विसरला नव्हता, मीच त्याला विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारचं आता सांगतो. मी आत यायला नको म्हणत होतो. आंधळ्याला आभाळ काय दाखवता, असं मनात आलं होतं. मग एका छोट्या हाताने माझं बोट धरून वर पुठ्ठ्याला लावलं. तारा हाताला लागला. भोकाची कड खरबरीत होती. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. मी उताणा पडून बोटाने सगळं आभाळ फिरलो. फटीपाशी आलो तेव्हा वारा लागला, गार. मला वाटतं मी थोडा वेळ झोपलोही. स्वप्नात दिसत होतं.

घरी आल्यावर विचार करत बसलो. दाभण आतल्या अंगाने टोचता, असं तू लिहिलं होतंस; तसं टोचलं तर खरबरीत कड बाहेरच्या अंगाला येते. आतून भोक गुळगुळीत लागतं. तुझं आभाळ आतून खरबरीत होतं. म्हणजे मी यायच्या आधी मुलांनी प्रत्येक भोक बाहेरून पुन्हा टोचलं. शेकडो भोकं. हे तू मला सांगितलं नाहीस आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण मी चाळीस वर्षं हाताचं काम केलंय, कळलं.

लाल ठिपक्याची पट्टी तुमच्याकडेच राहू दे. इथल्या पट्टीच्या टोकाला मी कानशीने एक खाच पाडली आहे, बोटाला लागेल अशी. पुढच्या महिन्यात तुझ्या तासाला येईन. मुलांना रंधा दाखवायचा आहे. मोडकं बाक एक ठेव.

कागद संपत आला. शेवटची खिडकी आहे ही. ओळ सरळ आली आहे का, ते कळव.

मामा